गणपतीसाठी इजिप्तचे खांब

इंग्लंडमध्ये सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात, आणि तो त्यांचा मोठा मान असतो. लंडनजवळ हॅरोतल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष हाडांचे सर्जन होते. कुणी चुकून डॉक्टर म्हटलं की ते हसत हसत, पण न चुकता दुरुस्त करायचे. मीही मिस्टरच होतो. डॉक्टरीणबाईंचे मिस्टर. गणेशोत्सवात आभार मानायची वेळ आली की अध्यक्ष माइकपाशी उभे राहून एकेकाचं नाव घ्यायचे, त्याच्या हॉस्पिटलसकट, आणि सगळ्यात शेवटी म्हणायचे, "आणि खुर्च्या, टेबलं, व्हॅन यांची व्यवस्था केल्याबद्दल आपल्या डॉक्टरीणबाईंच्या मिस्टरांचे आभार." टाळ्या पडायच्या. नमस्कार बायको करायची.

दर वर्षी घरी जाताना गाडीत मी यावर भाषण करत असे. बायको भूलतज्ज्ञ. समोरचा माणूस बडबडत असला की शांतपणे त्याच्याकडे बघत राहायचं आणि तो कधी गप्प होतो याची वाट पाहायची, हे तिचं रोजचं काम. "हं," एवढंच ती म्हणायची. त्या 'हं'वर मी आणखी चिडायचो.

मी तिच्या मागून या देशात आलो. विमानतळावरच्या माणसाने विचारलं, तुम्ही काय करता. मी म्हटलं, हिचा नवरा आहे. त्याने शिक्का मारला, म्हणजे त्यालाही ते पटलं असावं. मग मी इमारतींच्या कामावर विटा वाहिल्या, दुसऱ्याची व्हॅन चालवली, आणि ऐंशीच्या सुमाराला रेल्वेलाइनलगत एक यार्ड घेतलं. पाडलेल्या घरांतले दरवाजे, फायरप्लेस, रंगीत काचा, लोखंडी जिने. मंडळातले लोक त्याला भंगार म्हणायचे. शंभर वर्षांपूर्वीची फायरप्लेस भंगार नसते. निदान विकताना नसते. विकत घेताना ती भंगारच असते, हे समोरच्याला मी स्वतःच पटवून देतो, तो भाग वेगळा.

मंडळाच्या कमिटीत सगळे डॉक्टर. एक डेंटिस्ट होता, त्यालाही बराच काळ ताटकळत ठेवून मग आत घेतलं होतं. मला त्या कमिटीत जायचं होतं. मिटिंगमध्ये काय चालतं ते मला ठाऊक होतं, कारण मिटिंगच्या खुर्च्या मीच मांडत असे. समोशांबरोबर चहा घ्यायचा की कॉफी यावर तासभर चर्चा व्हायची. तरीही मला जायचं होतं. एकदा तरी त्या माइकवरून माझं नाव ऐकायचं होतं.

नव्वदच्या आसपास एका वर्षी सजावट करणारे गृहस्थ नोकरीसाठी स्कॉटलंडला गेले. अध्यक्षांनी मला पार्किंगमध्ये गाठलं.

"या वर्षी सजावट तुम्ही करून बघा," ते म्हणाले. "जमली, तर सजावटप्रमुख म्हणून पुढच्या वर्षी कमिटीत घेऊ तुम्हाला."

"करून बघा म्हणजे? न जमायला काय झालं?"

"तसं नाही हो. हॉलमध्ये ते, तुमचं यार्डातलं, फार आणू नका एवढंच."

भंगार हा शब्द त्यांनी गिळला. पण गिळताना मला दिसला.

त्याच आठवड्यात क्रॉयडनच्या अलीकडे एक जुनं सिनेमा थिएटर पाडायला घेतल्याचं कळलं. वीस-तीसच्या दशकात इथल्या लोकांना इजिप्तचं वेड लागलं होतं. वाळवंटात कुठल्याशा राजाची कबर सापडली, आणि मग लंडनच्या उपनगरांत थिएटरांनासुद्धा इजिप्तच्या देवळाची तोंडं लागली. मी पोचलो तेव्हा छप्पर उतरवलेलं होतं आणि पडद्याच्या जागेपुढे आठ खांब पावसात उभे होते. आतून लाकडाचा सांगाडा, वरून प्लास्टर, त्यावर हिरवा, लाल आणि सोनेरी रंग. चार खांबांचे माथे घंटेसारखे उघडे, चारांचे मिटलेल्या कळीसारखे.

पाहताक्षणी मला ते हवेसे वाटले. धंद्यात ही सगळ्यात वाईट गोष्ट. म्हणून मी तोंड वाकडं केलं. थिएटर पाडणारा आयरिश माणूस कानावर पेन्सिल खोचून उभा होता.

"हे खालून झिजलेत," मी त्याला म्हटलं.

"तसेच आहेत ते."

"तसेच कसे असतील? वर जाड, खाली बारीक. खांब कधी खाली बारीक असतो का? इतकी वर्षं लोकांनी पाय लावून लावून तासलेत. आणि ही खालची पानं बघ, सोलल्यासारखी झालीत."

"आठही खांबांना पाय लावले? सारखेच?"

"सिनेमा कंटाळवाणे असतील."

मी गुडघ्यावर बसून एकेक खांब टिचकी मारून पाहिला आणि प्रत्येकापाशी एक सुस्कारा सोडला. शेवटी तो म्हणाला, "तू बोलायचं थांबवणार असशील, तर म्हणशील त्या भावात घेऊन जा." मी थांबलो. मग व्हॅनमध्ये चढवून द्यायला आणखी दोन माणसं मागितली, तेव्हा मात्र तो ओरडला.

गणपतीला इजिप्तचं देऊळ. पुण्या-मुंबईची मंडळं दर वर्षी कुठल्या ना कुठल्या देवळाची प्रतिकृती उभी करतात, राजवाडे करतात, किल्ले करतात. इजिप्त कुणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. आणि करायचं तर नीट करायचं, म्हणून लायब्ररीतून इजिप्तच्या देवळांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. शाळा सुटल्यानंतर मी आपण होऊन वाचायला घेतलेलं ते पहिलंच.

पहिल्या प्रकरणातच कळलं की खांब झिजलेले नव्हते. नदीकाठच्या दलदलीत पपायरस नावाचं लव्हाळं उगवतं. त्याचा दांडा बुडाशी बारीक असतो, थोडा वर फुगतो, आणि बुडाला पानांचं वेष्टण असतं. इजिप्तच्या गवंड्यांनी तो दांडा हुबेहूब दगडात उतरवला. मी जो दोष दाखवून भाव पाडला, तोच त्या खांबांचा अस्सलपणा होता. याला माझी हुशारी म्हणावं की अज्ञान, यावर मी थोडा विचार केला आणि हुशारीच्या बाजूने निकाल दिला.

पुढे मात्र मी त्या पुस्तकात अडकलो. आयुष्यभर घरं सुटी करत आलेला माणूस मी. घर जोडताना कुणी एवढा विचार केला असेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यात पुढे दोन उतरत्या भिंतींचं प्रचंड द्वार. आत उघडं अंगण, सामान्य माणसाने तिथवरच यायचं. त्यापलीकडे खांबांचा मंडप. दगडाची तुळई लांब टाकली तर मधे मोडते, म्हणून खांब दाट, इतके दाट की मंडप कसला, दगडी रानच. मधल्या रांगांतले खांब उंच, वर झरोके, आणि जिथे उजेड पडतो तिथे माथ्याची फुलं उमललेली. कडेला अंधार, तिथल्या कळ्या मिटलेल्या. मग जसजसं आत जावं तसतशी जमीन चढत जाते, छत उतरत जातं, उजेड कमी होतो. शेवटी एवढीशी काळोखी खोली, आणि तिथे देव. त्याला बघायचा अधिकार राजाचा आणि पुजाऱ्याचा.

माझ्याकडे चार उमललेले आणि चार मिटलेले होते. म्हणजे हिशोब आपोआप जमला होता.

मी स्वयंपाकाच्या ओट्यावर डबे मांडून बायकोला सगळं दाखवलं. डाळींचे डबे म्हणजे खांब, पोळ्यांचा डबा म्हणजे गाभारा.

"मग लोक उभे कुठे राहणार?" तिने विचारलं.

"अंगणात."

"आणि तिथून गणपती दिसणार कसा?"

"दिसायचा नसतोच. तोच तर मुद्दा आहे. आपल्याकडेही गाभारा अंधाराच असतो की."

"हं," ती म्हणाली आणि तुरीचा डबा उचलून घेऊन गेली. मंडपाचा एक खांब कमी झाला.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं. मुदत संपली होती आणि दुसऱ्या कुणीतरी ते राखून ठेवायला सांगितलं होतं. मी लायब्ररीतल्या बाईंशी आणखी चार दिवसांसाठी बोलून पाहिलं, मग दोन दिवसांसाठी, मग त्यांच्यासमोरच उभ्याने वाचून संपवतो म्हणालो. त्यांनी हात पुढे करून पुस्तक घेतलं. या देशात घासाघीस चालत नाही अशी एकच जागा मला सापडली, ती लायब्ररी.

आमचा उत्सव शनिवार-रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये असायचा. शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी कामाला लागलो. दाराशी प्लायवुडचं उतरतं द्वार, वाळूच्या रंगाचं. मग मोकळं अंगण. मग खांब, चार-चारांच्या दोन ओळी, उमललेले मध्ये, मिटलेले कडेला, प्रत्येक खांब लाकडी बैठकीला बोल्टने घट्ट आवळलेला. शाळेच्या नाटकाचे लाकडी चौथरे जोडून आत चढत जाणारी जमीन केली. वर काळा पडदा ताणला, पुढे उंच, मागे इतका खाली की गाभाऱ्याशी मला मान वाकवावी लागत होती. आत फक्त दोन समया. झरोक्यांसाठी पडद्याला भोकं पाडली होती, पण हॉलच्या उंच खिडक्यांचा उजेड दुसऱ्या बाजूने येत होता, त्यामुळे ती नुसतीच भोकं राहिली.

शनिवारी सकाळी अध्यक्ष आले. द्वारातून आत आले, एका खांबावर हात फिरवला. "भव्य आहे," ते म्हणाले. मग इकडेतिकडे पाहिलं. "मूर्ती कुठाय?"

"आत."

ते खांबांमधून आत गेले, वाकले, आणि बाहेर आले. त्यांच्या केसांना पडद्याचा दोरा लागला होता. "वेगळं आहे," ते म्हणाले. सर्जन एक्स-रे बघून पेशंटला अशा आवाजात सांगत असावेत.

प्रतिष्ठापनेची पूजा छान झाली. आमचे गुरुजी म्हणजे एक निवृत्त जीपी, इथले फॅमिली डॉक्टर. कॅसेट ऐकून ऐकून त्यांनी सगळे विधी पाठ केले होते. आत ते, अध्यक्ष पती-पत्नी आणि मी, एवढेच मावलो. समईच्या उजेडात मूर्तीच्या डोळ्यांत पाणी आहेसं वाटत होतं. मला वाटलं, मिळवली आपण कमिटी.

मग आरतीला लोक आले.

इथे राहून आम्ही रांगेत शहाणे झालो होतो, पण आरती रांगेत म्हणता येत नाही. निम्मे लोक खांबांत शिरले आणि तिथेच अडकले, कारण पुढच्याला मागे यायचं होतं आणि मागच्याला पुढे. एक बाई मोदकांनी भरलेली परात घेऊन आल्या. परात दोन खांबांमधून आडवी जाईना, उभी केली तर मोदक पडणार. शेवटी ती लोकांच्या डोक्यांवरून हातोहात पाठवली, आणि गाभाऱ्याशी पोचेपर्यंत बरीच हलकी झाली. मुलांना लपाछपीला इतकी चांगली जागा आयुष्यात मिळाली नव्हती. आरती सुरू झाली तर आतल्यांना बाहेरच्यांचा आवाज येईना. आतले तिसऱ्या कडव्यावर असताना बाहेरचे दुसरं म्हणत होते, आणि दोघेही आपण बरोबर आहोत अशा खात्रीने आवाज चढवत होते. उतरत्या पडद्याखाली धूप साचला. बायको खोकत बाहेर आली आणि म्हणाली, "आत दोघे डुलायला लागलेत. अजून थोडा वेळ ठेवलंत, तर माझी गरज पडणार नाही."

अंगणात अध्यक्षांच्या आई खुर्चीवर बसल्या होत्या. सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. हाडांच्या सर्जनची आई, आणि गुडघे त्यांचेच गेलेले. चढत्या चौथऱ्यांवरून आत जाणं त्यांना शक्य नव्हतं. त्या मान एकदा या खांबाच्या डावीकडून काढत, एकदा उजवीकडून.

"गणपती कुठे बसवलाय रे?" त्यांनी मुलाला विचारलं. "मला नुसते खांबच दिसतायत."

अध्यक्ष माझ्याकडे आले. "मिस्टर, हे काय करून ठेवलंय? कुणालाच दर्शन होत नाहीये."

"होणार नाहीच. खऱ्या देवळात होत नसे. पुस्तक वाचा."

"आपण हॅरोत आहोत."

"म्हणून काय कसंही बांधायचं? जमीन चढत जाते, छत उतरत जातं, देव अंधारात असतो. एक गोष्ट चुकलीय का माझी, दाखवा."

"अहो, लोक आरतीला आलेत, इमारत तपासायला नाही."

"तुम्हाला हाडं कळतात. खांब नाही कळत तुम्हाला."

हे मी हळू बोललो असतो तर बरं झालं असतं. आरती मध्येच थांबली. आतली आणि बाहेरची, त्या दिवशी पहिल्यांदाच एका वेळी.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "मूर्ती बाहेर अंगणात आणा. विषय संपला."

गाभाऱ्यातून गुरुजींचा आवाज आला. "प्राणप्रतिष्ठा झालीय. उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागेवरून हलवता येत नाही."

सगळे माझ्याकडे बघू लागले. बायको शेजारी येऊन उभी राहिली आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "उत्सवाच्या दिवशी ते लोकही देवाला बाहेर काढायचे. होडीत बसवून, खांद्यावर घेऊन. लोक रस्त्यावर उभे असायचे."

"कुणी सांगितलं?"

"शेवटच्या प्रकरणात होतं."

"तू कधी वाचलंस?"

"तुम्ही घोरत होतात तेव्हा. मी पुस्तक मागून उघडते."

"मग बोलली का नाहीस?"

"दिसणार कसा, असं विचारलं होतं मी."

म्हणजे एवढं सगळं मी बरोबर बांधलं होतं, फक्त दिवस चुकला होता. वर्षभर देव ज्या घरात बसतो ते घर मी नेमकं त्याच्या बाहेर पडायच्या दिवशी उभं केलं होतं. आणि आमच्या गणपतीला तर वर्षभराचं घरच नाही. तो येतो तोच मुळी सगळ्यांसमोर बसायला. एवढं कळायला मला जाड पुस्तक लागलं, आणि तेही मी पूर्ण वाचलं नाही.

तरी मी खांबांना हात लावला नसता. एवढ्या लोकांपुढे हार मानणारा माणूस मी नव्हे. कमिटी गेली तर गेली, पण खांब राहतील, असं तोंडावर आलंही होतं. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "राहू दे रे बाबा. भांडू नका. पुढच्या वर्षी बघेन. आले तर."

त्या कुणाला टोमणा मारत नव्हत्या. पदर सावरून त्यांनी खांबांच्या दिशेनेच हात जोडले. माझ्या झिजलेल्या, न झिजलेल्या खांबांना.

मी व्हॅनमधून बोल्ट सोडवायचे पाने आणले.

मधले चार उमललेले खांब काढायचे होते. मी पहिल्या बोल्टला पाना लावला, आणि शेजारी अध्यक्ष कोट काढून बसले. "तो दुसरा पाना द्या," ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला जमणार नाही. हाडांच्या सर्जनला बोल्ट कसा काढायचा हे सांगावं लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. माझा दुसरा बोल्ट निघेपर्यंत त्यांचे सगळे निघाले होते.

"फार आवळलेत तुम्ही," ते म्हणाले.

"पडू नयेत म्हणून."

"हाडात असं आवळलं तर हाड फुटतं."

"खांबात हाड नसतं."

"तरी फुटलाय बघा इथे."

खरंच फुटला होता. त्याचा माथा आणि दांडा वेगळे झाले. बाकीचे तीन सलामत निघाले, पण ठेवायला जागा नव्हती. हॉल माणसांनी भरलेला. एक द्वाराला टेकवला, दोन अंगणात आडवे टाकले, आणि मोडक्याचा माथा गाभाऱ्याच्या वाटेवर तसाच राहिला. शेवटी काळा पडदा ओढून काढला. हॉलच्या उंच खिडक्यांतून दुपारचा उजेड थेट आत गेला आणि मूर्तीच्या अंगावर पडला.

आजींनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, नीट पाहिलं.

"एवढासाच?" त्या म्हणाल्या. "मग एवढे खांब कशाला लागले?"

हसण्यात सगळ्यात पुढे अध्यक्ष होते. मग आरती पहिल्यापासून झाली, आणि सगळी कडवी सगळ्यांची एका वेळी संपली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी निमूटपणे हरलो असतो. पण संध्याकाळी मेडनहेड, क्रॉयडन असे लांबून लोक आले, दुपारचं काहीच न पाहिलेले. ते द्वारातून आत यायचे आणि थबकायचे. पडलेले खांब, तुटलेला माथा, कडेला उभ्या राहिलेल्या मिटल्या कळ्या, आणि त्यांच्या मधोमध उजेडात गणपती. "काय कल्पना आहे," ते म्हणायचे. "भग्न देवालय. आणि त्यात आपला बाप्पा. कुणाला सुचलं हे?" पहिल्या दोघांना अध्यक्षांनी खरं काय झालं ते सांगितलं. तिसऱ्यांना सांगितलं नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत ते लोकांना खांबांभोवती फिरवत होते आणि साम्राज्यं येतात-जातात, अशा अर्थाचं काहीतरी समजावत होते.

मला याचा राग आला. मी जे पुस्तक वाचून, मापं घेऊन, अचूक उभं केलं त्याला शिव्या, आणि नाइलाजाने जे आडवं पाडलं त्याला शाबासकी. एका बाईंनी मला विचारलं, तो तुटलेला माथा नेमका तिथे ठेवायचं कसं सुचलं. मी म्हटलं, तो फुटला. त्या म्हणाल्या, "किती साधेपणा."

रविवारी विसर्जनाच्या आधी अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "कमिटीत या," ते म्हणाले. "सजावटप्रमुख. सगळ्यांचं एकमत आहे."

मला लगेच हो म्हणता आलं असतं. पण समोरच्याला गरज आहे असं दिसलं की माझी जीभ आपोआप चालायला लागते.

"एका अटीवर," मी म्हटलं. "आभारात माझं नाव घ्यायचं. हिचे मिस्टर वगैरे नाही. नाव."

"अहो, त्यात काय एवढं." ते खरोखरच चकित झाले होते.

ते माइकपाशी गेले. सगळ्यांचे आभार मानले, नावाने, हॉस्पिटलसकट. गुरुजींचे मानले. मोदक करणाऱ्यांचे मानले. मग म्हणाले, "आणि ज्यांच्या कल्पनेतून ही अप्रतिम सजावट साकारली, ते आपले," आणि थांबले.

मी आवराआवरीच्या तयारीत खांबाला टेकून उभा होतो. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. त्यांनी माइकवर हात ठेवून गुरुजींना काहीतरी विचारलं. गुरुजींनी खांदे उडवले. डेंटिस्टने आपल्या बुटांकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्यांच्या खुर्च्या मांडत होतो, आणि त्या स्टेजवरच्या एकालाही माझं नाव माहीत नव्हतं. बायकोला माहीत होतं. पण ती बसली होती आपली शांतपणे, पेशंट स्वतः शुद्धीवर येतो का बघत.

पुढच्या रांगेतून आजींचा आवाज आला. "तुझं नाव काय रे, बाळ?"

बाळ पन्नाशीकडे झुकला होता आणि त्याच्या हातात पाना होता. मी नाव सांगितलं. नीट ऐकू गेलं नसावं. म्हणून आजींनी हॉलकडे मान वळवून ते मोठ्याने सांगितलं, आडनावासकट, आणि अध्यक्षांनी माइकमधून म्हटलं, "हो, तेच."

टाळ्या पडल्या. या वेळी नमस्कार मला करायचा होता, आणि मी तो पाना हातात धरूनच केला.

गाडीत बसल्यावर माझं भाषण नेहमीपेक्षा जोरात सुरू झालं. इतकी वर्षं, साधं नाव, माणुसकी, डॉक्टर लोक. बायको ऐकत होती. पहिल्या सिग्नलला तिने विचारलं, "त्या आजींचं नाव काय हो?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला.

"अध्यक्षांच्या आई," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली.

कमिटीत मी बरीच वर्षं होतो. समोशांबरोबर चहा असावा या बाजूचा मी. खुर्च्याही मीच मांडत राहिलो, कारण डॉक्टर मांडतात तेव्हा रांगा वाकड्या होतात.

खांब यार्डात परत आले. मोडका जोडून घेतला आणि आठही दाराशी उभे केले. गिऱ्हाइकं थांबून बघायची, पण घरात कोण लावणार. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एकदा मात्र खरा घेणारा आला. रेस्टॉरंट काढत होता, पसंती तोंडावर दिसत होती, आणि ती लपवायला त्याने तोंड वाकडं केलं. गुडघ्यावर बसला, खालच्या पानांवर नख फिरवलं, सुस्कारा सोडला.

"हे खालून झिजलेत," तो म्हणाला.

त्याला मी पपायरसपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. दांडा, वेष्टण, उजेडातली फुलं, अंधारातल्या कळ्या, चढती जमीन, होडी, सगळं. आवाज चढला असावा, कारण सुटीच्या दिवशी यार्डात आलेली बायको ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. तो माणूस हळूहळू मागे सरकत आपल्या गाडीपर्यंत गेला आणि निघून गेला. भावाचा विषय निघालाच नाही.

खांब अजून तिथेच आहेत. विकायचे असतील तर मला आधी गप्प बसायला शिकावं लागेल.